तात्यांच्या दंडातली फडफड आणि तुमच्या पोटरीतली

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, वय ६१. गेल्या वर्षी गोडी छाटणीच्या वेळी त्यांच्या उजव्या हातातून कात्री निसटायला लागली. मानेच्या मणक्याचा त्रास समजून सहा महिने गेले. चार महिन्यांपूर्वी नाशिकच्या न्यूरॉलॉजिस्टनी सुई टोचून तपासणी केली आणि मोटर न्यूरॉन आजार, त्यातला एएलएस, असे निदान सांगितले. रिलुझोल ही गोळी सुरू आहे. त्यांच्या दंडात, खांद्यात, छातीवर कातडीखाली सारखे काहीतरी वळवळत असते. आई रात्री हात लावून बघते आणि रडत बसते. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या पेशी जास्त उत्तेजित झाल्या आहेत. म्हणजे फिट येईल का? फडफड वाढली म्हणजे आजार वाढला का? डोक्याला चुंबक लावून मेंदू शांत करायचे वीस बैठकांचे पॅकेज एकाने सुचवले आहे, ते घ्यावे का? बागेतल्या फवारणीने हे झाले असेल का? आणि एक गोष्ट घरात कुणाला बोललो नाही. मी ३२ वर्षांचा, सातपूरला कंपनीत रात्रपाळी करतो. दोन महिन्यांपासून माझ्या पोटऱ्या फडफडतात, डावा डोळा लवतो. कामात काही अडत नाही, पण मलाही तेच होतंय का?
– तात्यांचा मुलगा

उत्तर

तुमच्या पोटऱ्यांचा प्रश्न तुम्ही पत्राच्या तळाशी ठेवला आहे, पण झोप त्यानेच उडवली असणार, म्हणून आधी तोच घेतो. पत्रावरून कुणाचे निदान करता येत नाही. तरीही तुम्ही लिहिले आहे ते, म्हणजे कामात अडत नाही, फक्त पोटऱ्या उडतात आणि पापणी लवते, हे मोटर न्यूरॉन आजाराचे, म्हणजे हालचालीच्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराचे, चित्र नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने निव्वळ फडफड असलेल्या १२१ जणांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले होते. कुणावर दोन वर्षे, कुणावर बत्तीस. हा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्या १२१ पैकी एकालाही पुढे हा आजार झाला नाही. मात्र त्या सगळ्यांची सुरुवातीची तपासणी चांगली निघाली होती. म्हणून तुमचीही एकदा व्हायला हवी. ती कशी, ते पुढे येईलच.

फडफड म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, कारण तात्यांच्या आणि तुमच्या फडफडीतला फरक तिथूनच कळतो. मज्जारज्जूत बसलेली एक चेतापेशी तिच्या लांब तारेने स्नायूतल्या अनेक तंतूंना एकदम हुकूम देते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीच्या वाट्याला दहा-पंधरा तंतू येतात, पोटरीत हजाराहून जास्त. ती पेशी आणि तिचे तंतू मिळून एक तुकडी. हुकूम आलेला नसताना अख्खी तुकडी एकदा उडाली की कातडीखाली लहर उमटते. तिलाच डॉक्टर फॅसिक्युलेशन म्हणतात. पोटरीची तुकडी मोठी, म्हणून तिथली फडफड चटकन दिसते. याशिवाय एकट्या तंतूची थरथर असते, तिला फिब्रिलेशन म्हणतात. या दोहोंतला फरक डेनी-ब्राऊन आणि पेनीबॅकर यांनी १९३८ साली स्पष्ट मांडला. फिब्रिलेशन कातडीवरून दिसत नाही, सुईच्या तपासणीतच सापडते, आणि त्या तंतूचा मालक गेला असे ते सांगते. फडफड व्हायला मात्र तार जिवंत असावी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तात्यांसाठी कामाला येईल.

निरोगी माणसात तारेचे शेवटचे टोक चिडके झाले की फडफड होते. झोप मोडणे, अंगमेहनत, चिंता, चहा-कॉफी ही रोजची कारणे. रात्रपाळीत तुम्ही किती चहा पिता ते लिहिलेले नाही, पण मोजून पाहा. चहातले कॅफिन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात. म्हणजे पहाटे चारला घेतलेला कप सकाळी नऊला झोपताना अंगात निम्मा शिल्लक असतो. पाळी सुरू होताना दोन कप, मध्यरात्रीनंतर एकही नाही, एवढा एकच बदल चार आठवडे करून पाहा. दम्यासाठी सालब्युटामॉलचा पंप घेत असाल तर तोही फडफड वाढवतो. ॲसिडिटीच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर रक्तातले मॅग्नेशियम उतरते, आणि मग स्नायू उडतात. थायरॉइड वाढले तरी हेच होते.

आजाराची शंका कशाने घ्यायची? फडफडीने नाही, ताकदीने. तात्यांचा क्रम आठवा: आधी कात्री निसटली. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एवढे करून पाहा. टाचांवर दहा पावले चाला, मग चवड्यांवर दहा. भिंतीला फक्त बोटे टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच दहा वेळा उचला. दोन्ही पायांनी सारखे जमते का ते बघा. उकिडवे बसा आणि हात न टेकता उठा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. चालताना एकाच पायातली चप्पल नकळत निसटणे, कुलपात किल्ली फिरवताना अंगठा हटणे, अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग बसणे, बोलताना जीभ जड होणे, यातले काही दिसले तर महिना थांबू नका. रोज मात्र ही परीक्षा घेऊ नका. रोज टाचा उचलून पाहणाऱ्याची पोटरी थकते, थकलेली पोटरी जास्त उडते, आणि मग भीतीला नवा पुरावा मिळतो. आरशासमोर जीभ बाहेर काढून थरथर शोधणेही सोडा. बाहेर काढलेली कुणाचीही जीभ थरथरते. डॉक्टर ती तोंडातच, सैल पडलेली असताना बघतात.

तात्यांच्या डॉक्टरांना स्वतःचे एकदा मोकळेपणाने सांगा. ते हातोडी घेऊन तपासतील. रक्तात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, थायरॉइडसाठी टीएसएच आणि स्नायूंची झीज दाखवणारे सीपीके बघतील. हाताने केलेली तपासणी स्वच्छ निघाली तर सुईची तपासणी, म्हणजे ईएमजी, लागेलच असे नाही. केलीच तर एकदा पुरे. दर दोन महिन्यांनी ईएमजी करून मागणारी माणसे असतात. त्यांची भीती कागदाने कधीच जात नाही, पुढच्या कागदापर्यंत फक्त लांबते.

वारशाचे म्हणाल तर दहातल्या सुमारे नऊ रुग्णांच्या कुटुंबात हा आजार दुसऱ्या कुणाला नसतो. आजोबा, चुलते, आत्या यांच्यात कुणाचे हातपाय असेच गळत गेले होते का, किंवा पन्नास-साठीतच कुणाची वागणूक आणि बोलणे विचित्र बदलले होते का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. तसे काही निघाले तर जनुकीय तपासणी तात्यांची आधी होते, तुमची नाही. तीही समुपदेशन घेऊनच. सॉड-वन या जनुकात दोष सापडला तर त्याचे महत्त्व आता वाढले आहे, कारण त्या एका प्रकारासाठी टोफरसेन हे औषध अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाले.

आता तात्या. त्यांच्या मज्जारज्जूतल्या काही पेशी मरत आहेत. एक पेशी गेली की तिचे हजारभर तंतू पोरके होतात. शेजारची जिवंत पेशी नवे फाटे फोडून त्यांना जमेल तेवढे सांभाळून घेते. म्हणून बऱ्याच पेशी जाईपर्यंत ताकद फारशी घटलेली कळत नाही. पण या नव्या फाट्यांचे आवरण कच्चे असते. त्यांच्यातून सोडियम गरजेपेक्षा जास्त आत झिरपत राहते, आणि तार पुन्हा शांत करणारी पोटॅशियमची वाट अपुरी पडते. त्यामुळे हुकमाशिवाय ठिणगी पडते. तुकडी आता मोठी झालेली, म्हणून लहरही मोठी दिसते. यातल्या बऱ्याच ठिणग्या तारेच्या अगदी टोकाकडे पडतात. वरून नस बधिर केली तरी त्या चालू राहतात. म्हणजे तुम्हाला दिसणारी सगळी वळवळ मेंदूतून येते असे समजू नका.

पण मेंदूचा भाग आहेच, आणि डॉक्टरांनी सांगितले ते बरोबर आहे. ठिबक येण्याआधी पाटाचे पाणी कसे द्यायचो ते तात्यांना चांगले आठवत असेल. पाणी सोडणे सोपे. खरे काम दारे धरणाऱ्याचे. कोणत्या वाफ्याचे दार कधी मोडायचे आणि कधी बांधायचे, हे त्याच्या हातात. मेंदूच्या हालचाल चालवणाऱ्या पट्ट्यात मोठ्या पेशी हुकूम सोडतात, आणि त्यांच्याभोवती गाबा नावाचे रसायन वापरणाऱ्या छोट्या पेशी दारे धरून उभ्या असतात. या आजारात दारे धरणारे ढिले पडतात. शिवाय उत्तेजना देणारे रसायन, ग्लुटामेट, काम झाल्यावर शेजारच्या आधारपेशींनी शोषून घ्यायचे असते. ते शोषणारा पंप बऱ्याच रुग्णांत कमी झालेला सापडला आहे. मग पाणी वाफ्यात तुंबते. पेशीत कॅल्शियम भरत जाते, आणि सतत जागी राहिलेली पेशी अखेरीस मरते.

हे सगळे मोजता येते, आणि ज्या यंत्राने मोजतात तेच यंत्र तुम्हाला पॅकेजमध्ये विकायला निघाले आहे. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे ठेवून चुंबकीय ठोका दिला. कवटी न उघडता, न दुखवता मेंदूचा हालचालीचा पट्टा चेतवला गेला आणि हात हलला. त्याला टीएमएस म्हणतात. अंगठा उडवायला किती जोराचा ठोका लागतो, यावरून मेंदू किती सहज पेटतो ते कळते. त्याहून बोलकी तपासणी दोन ठोक्यांची: आधी एक हलका, दोन-तीन मिलिसेकंदांनी दुसरा जोराचा. निरोगी माणसात हलका ठोका दारे धरणाऱ्यांना सावध करतो, म्हणून दुसऱ्याचा झटका कमी होतो. एएलएसमध्ये हा आवर कमी पडतो किंवा अजिबात दिसत नाही. सिडनीच्या स्टीव्ह वुसिक आणि मॅथ्यू किअर्नन यांनी हे बारकाईने मोजले. सॉड-वनचा दोष असलेल्या ज्या थोड्या लोकांत पुढे आजार उमटला, त्यांच्यात लक्षणे दिसण्याआधीच हा आवर सुटला होता, असे त्यांनी २००८ साली दाखवले. एएलएससारखे दिसणारे पण वेगळे असलेले जे आजार आहेत, उदाहरणार्थ केनेडीचा आजार, त्यांच्यात आवर शाबूत राहतो. आजार पुढे सरकला की चित्र उलटते. पेशीच उरत नाहीत, आणि मग कितीही जोराचा ठोका दिला तरी अंगठा हलत नाही.

आग वरून खाली पसरते की खालून वर, हा वाद जुना आहे. ज्यां-मार्तं शार्को यांनी १८६९ मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि मूळ मेंदूकडे असल्याचे मानले. अँड्र्यू आयझेन यांनी १९९२ साली तेच मत नव्याने मांडले. तात्यांचाच हात बघा. अंगठ्याकडचा मांसल भाग बसला असेल आणि करंगळीकडचा त्या मानाने भरलेला असेल. कात्री, चिमूट, पेन या कामांसाठी अंगठ्याला मेंदूकडून सर्वांत थेट आणि दाट जोडणी असते, आणि तोच आधी जातो. वरून खाली म्हणणाऱ्यांचा हा एक मोठा आधार आहे. वाद मात्र मिटलेला नाही, आणि तात्यांचे उपचार त्यावर अडलेले नाहीत.

फिट येईल का? ही उत्तेजना हालचालीच्या जाळ्यापुरती असते. आकडी हे या आजाराचे लक्षण नाही, त्यामुळे आकडीचे औषध आधीपासून सुरू करायची गरज नाही. कधी आकडी आलीच तर वेगळे कारण शोधायचे: साखर, सोडियम, एखादे औषध, किंवा स्नायूंच्या ताठरपणावरची बॅक्लोफेन गोळी एकदम बंद करणे.

चुंबकाच्या बैठका घेऊ नका. मोजण्यासाठी एक-दोन ठोके देणे वेगळे आणि उपचार म्हणून हजारो ठोके देणे वेगळे. नैराश्यात त्या उपचाराला मान्यता आहे. एएलएसमध्ये त्याने आजार थांबतो किंवा मंदावतो असे आजवरच्या छोट्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. पेसमेकर, कानातले रोपण किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल तर ते धोक्याचे, आणि क्वचित या ठोक्यांनीच आकडी येऊ शकते. कुणी पैसे न घेता, एथिक्स समितीची परवानगी दाखवून, संशोधनासाठी तात्यांना बोलावत असेल तर डॉक्टरांशी बोलून विचार करा. पैसे मागून स्टेम सेलची इंजेक्शने देऊ करणाऱ्यांनाही हाच नियम लावा. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो फक्त चाचणीत देता येतो.

मग मेंदू शांत करणारी साधी गोळीच का देत नाहीत, असे तुम्ही विचाराल. देऊन पाहिल्या आहेत. गॅबापेन्टिन, लॅमोट्रिजिन, मेमँटिन या गोळ्यांनी आजाराची चाल बदलली नाही. टोपिरामेट घेणाऱ्यांच्या हाताची ताकद तर बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा लवकर घटली. ग्लुटामेट शोषणारा पंप वाढवेल म्हणून सेफ्ट्रायॅक्सोनची मोठी चाचणी झाली, तीही निष्फळ ठरली. एझोगॅबिन हे पोटॅशियमची वाट उघडणारे औषध ६५ रुग्णांच्या चाचणीत दहा आठवडे देऊन पाहिले. २०२१ साली निष्कर्ष आले: मेंदू आणि मज्जारज्जू दोन्हींची उत्तेजना मोजमापात खरोखर उतरली. पण माणूस जास्त जगतो का, हे बघायला ती चाचणी आखलेलीच नव्हती. आम्हाला ही दिशा आशेची वाटते. तात्यांसाठी आज तिच्यातून काही घ्यावे असे मात्र अजून हाती आलेले नाही.

हाती आहे ते रिलुझोल. ग्लुटामेट कमी सुटावे आणि सोडियमची गळती आवरावी, हे त्याचे काम. अमेरिकेत त्याला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. मूळ चाचण्यांत आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढले. ताकद परत येत नाही आणि फडफडही थांबत नाही. त्यामुळे फडफड चालू आहे म्हणून गोळी लागू पडत नाही असे समजून ती बंद करणे ही मोठी चूक. नेहमीचा डोस ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनी. शेतावरच्या घरात सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घेतली तर हे जमते. भरल्या पोटी, विशेषतः तुपातेलाच्या जेवणाबरोबर, ती कमी शोषली जाते. यकृताची एएलटी तपासणी पहिले तीन महिने दर महिन्याला, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी. तुमचे चार महिने झाले. तीन अहवाल फायलीत आहेत का बघा. ताप आला तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. क्वचित या गोळीने त्या घटतात.

फडफड वाढली म्हणजे आजार वाढला का, हा आईंचा प्रश्न. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. ते माप विश्वासाचे आहे, कारण मारुती जागचा हलत नाही. फडफडीचे माप तसे नाही. ती थंडीने, थकव्याने, चिंतेने वाढते. एका स्नायूत वाढते तेव्हा तिथे जिवंत पेशी धडपडत असतात. स्नायू पुरता वाळला की ती आपोआप थांबते, कारण उडायला तुकडीच उरत नाही. म्हणजे शांत झालेला दंड ही बरे होण्याची खूण नव्हे, आणि वळवळणारा दंड म्हणजे आजार धावत सुटला असेही नाही. दवाखान्यात तिचे महत्त्व निदानापुरते. जपानमधल्या अवाजी इथे २००६ साली भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीपासून ईएमजीतल्या फडफडीला निदानात फिब्रिलेशनइतके वजन दिले जाते. निदान झाल्यावर तिला मोजत बसण्यात काही हशील नाही.

मोजायचे ते दुसरे. एक वही करा आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी लिहा. वजन, एकाच काट्यावर, सकाळी. बारा प्रश्नांची ४८ गुणांची एएलएसएफआरएस-आर नावाची तक्ता-परीक्षा डॉक्टरांकडून मागून घ्या: बोलणे, गिळणे, लिहिणे, कापणे, कपडे घालणे, चालणे, जिना, श्वास असे प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. सरासरीने महिन्याला एखादा गुण जातो. तात्यांचा वेग त्याहून कमी किंवा जास्त असू शकतो, आणि तो पाच-सहा महिन्यांच्या नोंदींनीच कळेल. मग श्वास. छातीभर श्वास घ्यायला सांगा आणि सेकंदाला दोन या वेगाने एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला लावा. आज कितीपर्यंत जातात ते लिहा आणि पुढे त्यांच्याच आकड्याशी तुलना करा. विसाच्या खाली आले, किंवा उताणे झोपवत नाही, सकाळी डोके दुखते, दिवसा डुलक्या येतात असे काही सुरू झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता फुप्फुसांची एफव्हीसी तपासणी करून घ्या. एरवीही ती दर तीन महिन्यांनी हवी. अपेक्षित आकड्याच्या निम्म्याच्या खाली गेली की बायपॅप मशीनचा, म्हणजे मास्कमधून श्वासाला हवेचा जोर देणाऱ्या यंत्राचा, विषय निघतो, आणि गिळायला त्रास होत असेल तर पोटातल्या नळीचा निर्णय त्याच्याही आधी घेतलेला बरा. रात्री धाप लागली म्हणून घरी नुसता ऑक्सिजनचा सिलिंडर लावू नका. दमलेले स्नायू कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत नसतात, आणि ऑक्सिजनने माणूस गुंगीत जाऊ शकतो.

फडफडीला औषध लागत नाही. ती दुखत नाही. दुखतात ते गोळे. रात्री पोटरीत किंवा मांडीत गोळा आला तर पाऊल हळूच नडगीकडे दाबून तीस सेकंद धरा, सोडा, पुन्हा धरा. झोपण्याआधी हेच ताण पाच-पाच वेळा दिले तर गोळे कमी येतात. रोज येत असतील तर डॉक्टरांना सांगा. मेक्सिलेटिन या औषधाने एएलएसमधले गोळे कमी होतात हे चाचणीत दिसले आहे, पण त्याआधी हृदयाचा ईसीजी बघावा लागतो. ते दुकानातून आणायचे औषध नव्हे.

गोळे वेगळे आणि ताठरपणा वेगळा. ताठरपणा मेंदूकडचा आवर सुटल्यामुळे येतो, त्याला बॅक्लोफेन देतात. ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवायचे, कारण इथे एक फसगत नेहमी होते: पाय कमजोर झालेला माणूस त्या ताठरपणावरच उभा राहत असतो. डोस जास्त झाला की पाय एकदम मऊ पडतात आणि माणूस मोरीत कोसळतो. गोळी वाढवल्यावर पहिले तीन-चार दिवस तात्यांना एकटे अंघोळीला सोडू नका. आणि ती कधीही अचानक थांबवू नका.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतो. त्या दिवसांत तात्यांचे हात सकाळी जास्त आखडतील, फडफडही वाढलेली दिसेल. ती थंडी आहे. हातमोजे, कोमट पाण्यात दहा मिनिटे हात, आणि बटणांऐवजी नाडीचे किंवा चिकटपट्टीचे कपडे. जोरजोरात मालिश आणि स्नायूंना करंट देणारे यंत्र नको. हलक्या हाताने तेल लावायला काहीच हरकत नाही. मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा वेगळाच आजार, समजून आधी कुणी पायरिडोस्टिग्मीन सुरू केले होते का, तेही जुन्या चिठ्ठीत बघा. ती गोळी फडफड वाढवते आणि या आजारात तिचा उपयोग नाही.

फवारणीबद्दल. कीटकनाशकांच्या संपर्कात असणाऱ्यांत हा आजार काहीसा जास्त दिसतो असे काही अभ्यास सांगतात, पण एका माणसाबद्दल ‘यानेच झाले’ असे कुणालाही म्हणता येत नाही. तात्यांनी किंवा तुम्ही त्यावरून स्वतःला दोष देऊ नका. डाउनी-भुरीसाठी मारतात ती बहुतेक बुरशीनाशके वेगळ्या वर्गातली असतात. फडफड घडवणारा वर्ग म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट: क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके. ती स्नायूकडचा निरोप मोडणारे एन्झाइम, कोलिनेस्टरेज, बंद पाडतात. निरोप साचत जातो आणि स्नायू उडू लागतात. हे महिनोन् महिने रेंगाळत नाही, काही तासांत होते. सोबत लाळ, घाम, उलटी, टाचणीएवढ्या बाहुल्या, धाप असते. बागेत कुणाला असे झाले तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि बाटली किंवा तिचे लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. ॲट्रोपिन हे औषध वेळेत मिळाले तर माणूस वाचू शकतो.

पुढच्या वेळी नाशिकला जाल तेव्हा वही, एएलटीचे अहवाल आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. एफव्हीसी मागा. अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी जिल्हा रुग्णालयात लागणारे कागद आताच तयार ठेवा, तात्यांची सही जमते आहे तोवर. आईंना बरोबर न्या आणि फडफडीबद्दल डॉक्टरांकडूनच त्यांना ऐकू द्या. रात्री दंडावर हात ठेवायचा तर खुशाल ठेवू द्या. तात्यांना त्याने बरेच वाटेल. आणि त्याच खुर्चीत बसून, तात्यांची तपासणी झाल्यावर, तुमची पँट गुडघ्यापर्यंत वर करून पोटरी डॉक्टरांना दाखवा.